डाव्या चाकाची पंचायत

सिद्धप्पा दलालानं जन्मात एकच मोटार विकली, आणि तीही बैल समजून. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. त्या पाच दिवसांत बिचाऱ्यावर काय गुदरलं ते कळल्यावर हसू जरा अडखळेल.

सोलापुरात गड्ड्याची जत्रा भरली की जनावरांच्या बाजारात सिद्धप्पाशिवाय पान हलत नसे. खांद्यावर लाल रुमाल, पायात करकरणारं पायताण आणि बैलाकडं बघायची अशी नजर की बैलच मान खाली घाली. घेणारा आणि विकणारा त्या रुमालाखाली एकमेकांची बोटं धरत, भाव तिथंच ठरे, आणि तिसऱ्याला त्याचा वासही लागत नसे. सौदा जुळला की मग सिद्धप्पा मोठ्यानं बोली सांगे, की जनावर मारकं नाही, लाथाळ नाही, जुंपल्यावर बसकण मारणारं बसकं नाही. ही बोली पाच दिवस चाले. पाच दिवसांत खोड निघाली तर जनावर परत जाई. आणि शब्द देणारा दलाल? त्यानं पंचांपुढं रुमाल ठेवायचा आणि बाजारातून जे उठायचं ते कायमचं. बाजाराचा नेमच होता तसा. बत्तीस वर्षांत सिद्धप्पानं शब्द दिलेलं एकही जनावर परत आलं नव्हतं. घर, शेत, पोरंबाळं यातलं काही देवानं त्याला भरभरून दिलं नव्हतं. हा एक शब्द तेवढा दिला होता, आणि त्यावर त्याचा जीव होता.

सन अडतीसच्या गड्ड्यात एका लहानशा जहागिरीचा कारभारी आला. दोन घोडी, एक खिलारी जोडी आणि मागं पेट्रोल वाचवायला लोकांनी ढकलत आणलेली एक लांबलचक तांबडी मोटार.

"हिचं काय करू मी?" सिद्धप्पा म्हणाला. "ही मोटार हाय."

"मग? सरकारांचा हुकूम आहे. घरात जे जे खातं ते सगळं विकून टाका," कारभारी म्हणाला. "ही सगळ्यांत जास्त खाते."

सिद्धप्पानं मोटारीभोवती एक फेरी मारली. पुढं हे एवढं नाक, आणि बसायला माणसं दोन. डोक्यावर छप्पर नाही. एवढ्या लांबीच्या गाडीत सोलापूरकरांनी नवरा, नवरी, करवल्या आणि वाजंत्री बसवले असते.

"खोड काय हिची?"

"खोड कसली! सरकारांनी मुंबईला शर्यतीत पळवलीय."

"मग इकताय कशाला?"

"शर्यतीचं जनावर दावणीला बांधून काय करायचं, तुम्हीच सांगा."

हे सिद्धप्पाला पटलं. बैलाच्या बाबतीत ते खरंच होतं. तरी तो 'नको' म्हणून वळणारच होता, तेवढ्यात कारभाऱ्यानं त्याला मागं नेलं आणि वाकून दोन चाकांमधलं एक लोखंडी मडकं दाखवलं. म्हणाला, "साध्या मोटारीचं एक चाक चिखलात गेलं की तेवढंच गरागरा फिरतं, दुसरं मख्खासारखं उभं. हिचं तसं नाही. जर्मन लोकांनी ह्या मडक्यात अशी कळ बसवलीय की ही दोन चाकं एकमेकांना सोडतच नाहीत. एक निसटायला लागलं की दुसरं जोर लावतं आणि गाडी बाहेर काढतं."

सिद्धप्पाचे डोळे लकाकले. पेट्रोल, इंजिन, गिअर यातलं त्याला ओ का ठो कळलं नव्हतं, पण हे कळलं. "म्हंजे जोडी सारखी ओढती!"

"तेच की!"

झालं. पाघळला गडी.

गिऱ्हाईक शोधायला लागलं नाही. कापसाच्या जिनिंगचे मालक चन्नवीर शेठ त्या गाडीभोवती सकाळपासून घोटाळत होते. त्यांच्याकडं एक जुनी डबा मोटार होती आणि ती ते स्वतः हाकत, त्यामुळं मोटारीतलं आपल्याला सगळं कळतं असा त्यांचा समज होता. पण घरातली गाय असो, घोडी असो, सिद्धप्पाच्या शब्दाशिवाय त्यांनी कधी काही घेतलं नव्हतं. बायकोसुद्धा सिद्धप्पाला विचारूनच केली असं बाजारात म्हणत, ते मात्र खोटं.

रुमालाखाली बोटं हलली. शेठनी मान डोलावली. सिद्धप्पा उठून उभा राहिला आणि भोवतीच्या दोनशे माणसांना ऐकू जाईल अशी बोली केली. "मारकी न्हाय, लाथाळ न्हाय. मागली जोडी सारखी ओढंल. एक बसलं तर दुसरं त्येला घिऊन निगंल. सिद्धप्पाचा शबुद!"

"दात बघितलं का दात?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं आणि सगळे खिदळले. सिद्धप्पाही हसला.

घरी मायाक्का हसली नाही. त्याची बायको, तिला हसायला कारण लागे. "तुमाला मोटारीतलं काय कळतं?" ती म्हणाली.

"जोडीतलं कळतं की."

"मोटार म्हंजे जोडी न्हवं."

"मागनं बघितलं तर जोडीच हाय."

मायाक्कानं हातातली भाकरी नेहमीपेक्षा जोरात थापली.

तिसऱ्या दिवशी शेठनी देगावच्या बाजूच्या मळ्यात हुरडा ठेवला. हुरडा हे निमित्त, दाखवायची होती मोटार. सगळी पाहुणेमंडळी बांधावर उभी असताना शेठनी गाडी थेट ज्वारीच्या रानात घातली. आता मोटार रानात कशाला घालायची, हे विचारणार कोण? आदल्या दिवशी पाट फुटून तिथं काळ्या मातीचा रेंदा झाला होता. उजवं मागचं चाक गेलं रेंद्यात. डावं राहिलं वर, बांधाच्या घट्ट कडेवर.

सिद्धप्पाला बोलावणं गेलं आणि तो धापा टाकत पोचला, तेव्हा उजवं चाक नुसतं भिरभिरत होतं आणि काळा चिखल पाहुण्यांवर उडवत होतं. एका वकिलाचा पांढरा कोट पार गेला होता, आणि एका पाहुण्याच्या हातातला भाजलेला हुरडा चिखलासकट त्याच्या तोंडात गेला होता. आणि डावं चाक? ते ढिम्म. त्याला काही घेणंदेणंच नव्हतं. बांधावर उभं राहून मजा बघत असल्यासारखं ते उभं होतं.

"डावं बसलं!" शेठ गाडीतून ओरडले. "सिद्धप्पा, तुजं डावं बसकं निघालं की रे!"

बसकं! हा शब्द बत्तीस वर्षांत सिद्धप्पाच्या मालाला कुणी लावला नव्हता.

मळ्यात त्या वेळी चार बैल रिकामे उभे होते. दोन जुंपले असते तर मोटार चुटकीसरशी बाहेर आली असती. सिद्धप्पानं तसं सुचवलंही. पण शेठ भलतेच पक्के. "न्हाय. जनावर बसलं तर बसल्या जागीच पंचांना दावायचं, ह्यो नेम तूच मला शिकवलास. आज तिसरा दिस. परवा पाचवा. पंच हितंच येतील. तवर गाडीला कुणी हात लावायचा न्हाय. तू सोडून. तुजा माल हाय, तू उटवून दाव."

म्हणजे सगळं आलं त्या डाव्या चाकावर. ते ओढलं तर सिद्धप्पा राहिला, नाहीतर रुमाल खाली. त्या रात्री त्यानं पाठ टेकली, पण डोळ्याला डोळा लागला नाही.

चौथ्या दिवशी उजाडताच तो मळ्यात हजर. बसक्या बैलाला उठवायचे जेवढे उपाय त्याला ठाऊक होते तेवढे त्यानं मांडले. आधी गोडीनं. डाव्या चाकाला हळद-तेल चोळलं, पाठीवर थाप मारावी तशी रबरावर थाप मारली, "चल राजा, लाज राख" म्हणाला. शेठच्या गड्यानं इंजिन चालू केलं. उजवं भिरभिरलं, डावं ढिम्म. मग धाकानं. पराणी घेऊन हळूच टोचलं, फार टोचलं तर वारा जाईल म्हणून बेतानं. ढिम्म. मग शेपूट पिरगाळावं म्हणून त्यानं मागं हात घातला. तिथं शेपटाच्या जागी धुराचं नळकांडं, आणि ते तापलेलं. बोटं भाजली आणि सिद्धप्पा "अयाया!" करत पाटात जाऊन बसला. गडीमाणसं पोट धरून हसत होती. त्यांना काय, त्यांच्या खांद्यावर रुमाल नव्हता.

शेवटचा उपाय म्हणजे बुडाखाली जाळ. किती का बसका बैल असेना, खाली चार काटक्या पेटल्या की ताडकन उठतो. सिद्धप्पानं ज्वारीचा कडबा आणला, डाव्या चाकाखाली रचला आणि काडी ओढणार, तोच बांधावरून बोंब आली.

"ओ चाचा! नक्को! पेट्रोल है अंदर! तुम, मैं, शेठ की जवारी, सब उड जाएगा!"

तो होता दस्तगीर मिस्त्री, मोटार-स्टँडवर बसगाड्या दुरुस्त करणारा. मायाक्कानं धाडला होता. नवरा कडबा घेऊन बसणार हे तिला न सांगता कळलं होतं. तीस वर्षं संसार केला होता तिनं.

दस्तगीरनं कडबा लाथेनं उडवला, गाडीखाली घोंगडं अंथरलं आणि आडवा झाला. दोन तास खाटखूट चाललं. मग त्यानं ते लोखंडी मडकं उघडलं आणि आतून काळ्या ग्रीसमध्ये माखलेला एक तुकडा काढून सिद्धप्पाच्या तळहातावर ठेवला. सुपारीच्या खांडाएवढी पोलादी पाचर.

"देखो. ऐशा आठ हैं. इनका काम क्या? दोनों चक्के कू दाबके रखना. एक चक्का अकेला भागने लगा तो ये बीच में अडते, बोलते, ठैर, भाई कू साथ ले." दस्तगीरनं पाचरीवर अंगठा फिरवला. "अब हात लगाके देखो. धार कहाँ है? घिसके गुळगुळीत. शर्यत में भगा भगा के मार डाला इसकू. अब पूरा जोर जिधर हलका, उधर. जो चक्का कीचड में, वो नाचता. जो घट्ट जमीन पे, उसकू कुच मिलताच नै."

"नवी पाचर?"

"जर्मनी."

"कवा येईल?"

दस्तगीरनं बोटांवर काहीतरी मोजलं, मग मोजायचं सोडून दिलं. "आगबोटी से आएगी, चाचा. परवा जहाज में बैठी तो भी आम के मोसम में उतरेगी."

त्यानं सातच पाचरी पुसून जागच्या जागी बसवल्या आणि मडकं बंद केलं. आठवी सिद्धप्पानं मागून घेतली. घरी गेल्यावर तो ती हातात घेऊन उंबऱ्यावर बसून राहिला. कारभाऱ्याला हे ठाऊक होतं की नव्हतं, देव जाणे. खिलारी जोडी विकून तो दुसऱ्याच दिवशी निघून गेला होता.

"म्हंजे शबुद दिला तवाच खोटा हुता," सिद्धप्पा म्हणाला.

"तुमाला कुटं ठावं हुतं?" मायाक्का म्हणाली.

"ठावं नसताना दिला. ते तर आनिक वाईट की."

मायाक्कानं त्याच्या भाजलेल्या बोटांना लोणी लावलं आणि जेवायला वाढलं. उद्या ह्या वेळेला आपण कोण असू, एवढंच त्याच्या डोक्यात घोळत होतं.

पाचव्या दिवशी मळ्यात हीऽऽ गर्दी. अर्धा बाजार लोटला होता. कडब्याच्या पेंढ्यांवर पाच पंच बसले. मधोमध मोहोळचे हिंदुराव, मिशा अशा की बोलायच्या आधी बाजूला साराव्या लागत. त्यांनी आयुष्यात मोटारीत पाय ठेवला नव्हता, पण बसक्या बैलांचे निवाडे शंभर केले होते.

"चालवा," हिंदुराव म्हणाले.

शेठनी इंजिन चालू केलं. उजवं भिरभिरलं, डावं ढिम्म. पंच उठले. एकानं डाव्या चाकाला कान लावला. दुसऱ्यानं उजव्याला हात लावून बघितला आणि म्हणाला, "हे तापलंय. डावं गार हाय. डावं काम करत न्हाय, उगड दिसतंय." तिसरा म्हणाला, "तसं न्हवं. उजवं लई उतावळं. उतावळा बैल जोडीला असला की दुसरा रुसतो." यावर दोघांची अशी जुंपली की एकमेकांच्या आज्यापर्यंत गोष्ट गेली. शेवटी हिंदुरावांनी हात वर केला.

"बाजाराची रीत काय? डावा बैल बसतो का जागा वाईट, कळत न्हाय तवा काय करतो आपुन? डावा उजवीकडं जुंपून बगतो. चाकं बदला."

"ओ साहेब..." दस्तगीर बोलायला गेला.

"मिस्तरी, निवाडा आमी करायचा. तुमी पाने फिरवा."

दस्तगीरनं आभाळाकडं बघितलं, खालून लाकडी ओंडक्यानं गाडी उचलली आणि डावं चाक उजवीकडं, उजवं डावीकडं बसवलं. हजार माणसं श्वास रोखून बघत होती. शेठनी इंजिन चालू केलं. आणि काय सांगावं! जे आत्तापर्यंत ढिम्म होतं ते बसकं चाक उजवीकडं येताच बेफाम फिरायला लागलं, आणि जे तीन दिवस राबराब राबलं होतं ते डावीकडं जाऊन मख्ख उभं.

गर्दीत हाहाकार उडाला. "जागेचा दोष!" कुणी म्हणालं. "तितं जुनी समाध असंल." एका म्हातारीनं बांधावर नारळ फोडूनसुद्धा टाकला. पंच पुन्हा बसले. आता निवाडा करायचा कुणाचा, चाकाचा का बांधाचा? बांध तर शेठचाच. म्हणजे सिद्धप्पा सुटला का? एक पंच म्हणाला, सुटला. दुसरा म्हणाला, छे, बोलीत बांधाची अट नव्हती.

सिद्धप्पा मात्र त्या गोंधळात चिखलाकडं बघत उभा होता. बाकीच्यांना चमत्कार दिसला होता, त्याला काहीतरी वेगळंच दिसलं. चाक कुठलंही असो, चिखलातलं नाचतंय आणि जमिनीवरचं उभं राहतंय. जिकडं हलकं तिकडं सगळा जोर. आणि त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अरे, हे आपण हजार वेळा केलंय! जोडीतला एक बैल पुढं पळत सुटतो, दुसऱ्याच्या खांद्यावर ओझंच येत नाही, तो मागं राहतो. नवशिका गाडीवान मागच्याला झोडपतो. जाणता काय करतो? पळणाऱ्याचा कासरा ओढतो.

तो दस्तगीरपाशी गेला. "ह्या गाडीला कासरा कुटं आसतो?"

"कासरा?" दस्तगीर भुवया चढवून बघत राहिला. मग हळूहळू त्याचे दात दिसायला लागले. "वा रे चाचा. है ना! हात का ब्रेक. मागले दोनों चक्कों कू पकडता."

सिद्धप्पा पंचांपुढं आला, हात जोडले. "एकदा मी सांगतो तसं हाका. मग काय निवाडा करायचा त्यो करा." आणि शेठच्या कानाशी वाकला. "इंजान चालू ठेवा. बाजूचा दांडा अर्धा ओढा. अर्धाच. पळणाऱ्याला आवळा, बसल्याला टोचू नका. आता सावकाश."

शेठनी दांडा ओढला. चिखलातलं चाक अडखळलं, गुरगुरलं, मंदावलं. आणि तीन दिवस कुणाला न जुमानणारी ती डावी बाजू हलली. आधी बोटभर. मग वीतभर. मग मोटारीनं अंग झाडलं आणि ती रेंद्यातून वर चढून थेट पंचांच्या पेंढ्यांवर आली. पंच बाजूला उड्या मारून वाचले. हिंदुरावांचा फेटा बोनेटवर राहिला.

काय तो जल्लोष! हलगी कुठून आली कळलं नाही, पण आली. हिंदुरावांनी फेटा झटकून डोक्यावर ठेवला आणि निवाडा सांगितला. "जोडी सारखी ओढती. गाडीवानाला हाकायची रीत ठावी नव्हती. खोड मालात न्हाय. सिद्धप्पाचा शबुद राहिला!"

लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. शेठनी स्वतःच्या गळ्यातला हार त्याच्या गळ्यात घातला आणि म्हणाले, "जिल्ह्यात कुणाची मोटार पंचांनी पास केलीय? माजीच! आत्ताच हिला तुळजापूरच्या घाटात न्हेतो. अर्धा दांडा वडूनच उतरतो बग!"

खांद्यावर बसलेल्या सिद्धप्पाचा चेहरा पडला. त्यानं दस्तगीरकडं बघितलं. दस्तगीरनं दोन्ही हातांनी नाही, नाही अशी खूण केली. ब्रेक धरून घाट उतरलं तर ब्रेक जळून जाईल, हे सांगायला मिस्त्री लागत नाही. उतारावर कासरा आवळून धरलेला बैल तोंडावर आपटतो, हे तर सिद्धप्पानं दोनदा डोळ्यानं बघितलं होतं.

आता गप्प बसायला काय जात होतं हो त्याचं? शब्द राहिला होता. रुमाल खांद्यावर होता. गळ्यात हार होता. पण खिशातल्या पाचरीला हात लागला आणि त्याला वाटलं, हा शब्द राहिलाय खरा, पण उसना. तो खांद्यावरून खाली उतरला.

"थांबा," तो म्हणाला. "गाडी मोडकी हाय."

हलगी थांबली.

त्यानं पाचर वर धरली. "हिच्या पोटातली कळ झिजलीया. जोडी सारखी ओढत न्हाय. मी युगत केली म्हनून निगाली. शेठ, घाटात न्हिऊ नका. परत करा ही. माजा शबुद खोटा हुता. ज्या दिवशी दिला, त्याच दिवशी खोटा."

मग हिंदुराव उठले, आणि त्यांचा आवाज चढला. "सिद्धप्पा, येड लागलं का? पंचांनी निवाडा दिला. माल चोख म्हनून दिला. निवाड्यामागनं मालाला नावं ठिवतोस? आमाला खोटं पाडतोस?"

"निवाडा चुकला," सिद्धप्पा म्हणाला.

बस! चिखलानं झालं नव्हतं, मोडक्या कळीनं झालं नव्हतं, ते ह्या दोन शब्दांनी झालं. पाचही पंच एकदम बोलायला लागले. खोड निघाली तर दलालाला शिक्षा, हा नेम होताच. पण पंचांनी चोख ठरवलेल्या मालात जो दलाल स्वतः खोड काढतो त्याला तर बाजारात उभं करायची सोयच नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. शेठही लाल झाले होते. पास झालेल्या मोटारीला भर हजार माणसांत मोडकी म्हटलं होतं.

"रुमाल ठेव," हिंदुराव म्हणाले.

सिद्धप्पाचा हात खांद्यावर गेला आणि तिथंच थांबला. बत्तीस वर्षं. डोळ्यांत पाणी आलं ते त्यानं पुसलं नाही. रुमाल काढला, चार घड्या घातल्या, कडब्याच्या पेंढीवर ठेवला आणि गळ्यातला हार त्यावर ठेवून चालायला लागला.

तो मळ्याच्या बांधापर्यंत आला तेव्हा मागून शेठची मोटार आली. शेठ त्याच्याकडं बघत नव्हते, तोंड फुगलेलं होतं. पण दांडा सोडलेला होता, आणि गाडी इतकी सावकाश चालली होती की समोरून आलेल्या कडब्याच्या गाडीला आधी वाट मिळाली. तुळजापूरच्या फाट्याला शेठ वळले नाहीत. दस्तगीरच्या स्टँडकडं वळले.

सिद्धप्पा उभा राहून बघत राहिला. मग पुन्हा चालायला लागला. मायाक्काला काय सांगायचं ते जुळवत होता, आणि जुळत नव्हतं.

"आप्पा! ओ आप्पा!"

मागून एक माणूस पळत येत होता. अंगावर घोंगडं, हातात दावं, दाव्याला एक पांढरा बैल. सिद्धप्पानं त्याला कधी बघितलं नव्हतं. तो जवळ येऊन धापा टाकत उभा राहिला. गुंडा म्हणून टेंभुर्णीकडचा धनगर होता.

"आप्पा, ह्यो बैल कालच घेतलाय. बाजारातलं समदं म्हंत्यात चोख हाय. तेवढं बगून सांगा की, ह्यात काय खोड हाय का."

"लेकरा, मगाशी बगितलं न्हाईस का?" सिद्धप्पा म्हणाला. "मी आता दलाल न्हाय."

गुंडानं बैलाचं दावं त्याच्या हातात दिलं.

"म्हनून तर तुमाला इचारतोय," तो म्हणाला.